बुचाची हकीकत

श्रोतेहो, आज ज्या वस्तूबद्दल बोलायचे आहे ती इतकी क्षुल्लक आहे, की तिच्यासाठी वीस मिनिटे कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. ती वस्तू म्हणजे बाटलीचे बूच. जुन्या औषधांच्या बाटल्यांना, अत्तराच्या कुप्यांना, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नळ्यांना ते असे. हल्ली बाटल्यांना फिरकीची झाकणे आली, त्यामुळे शाळेतल्या पुष्कळ मुलांनी खरे बूच हातात धरलेलेही नसेल. शब्द मात्र आपल्या तोंडी पक्का बसला आहे. हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला असे भाषेचे जाणकार सांगतात. त्यांच्या भाषेत ‘बुशा’ म्हणजे भोकात कोंबायची गुडदी किंवा बोळा. गोवा, चौल, वसई या बाजूला त्यांचा वावर सोळाव्या शतकापासूनचा; पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्द जसे आले तसाच हाही आला. गंमत अशी, की पोर्तुगीज माणूस स्वतः बाटलीच्या बुचाला ‘बुशा’ म्हणत नाही. त्याचा शब्द निराळा, ‘रोल्या’. आणि ज्या सालीपासून बूच होते तिला तो ‘कोर्तिसा’ म्हणतो.

आज जगात बुचे लागतात ती मुख्यतः द्राक्षाच्या मद्याला, म्हणजे वाइनला. मद्याची भलामण करण्याचा माझा बिलकुल हेतू नाही. बाटली उघडून झाल्यावर जे बूच केरात जाते त्याचे पुढे काय, हा आपला प्रश्न. ते पुन्हा वापरता येते का, मातीत कुजते का, आणि युरोपात लोक ती बुचे पोत्यांनी गोळा करतात ती कशासाठी? याचे उत्तर द्यायचे तर थेट झाडापासून सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात, पांढऱ्या लांब दांड्याच्या सुगंधी फुलांचे, ते हे झाड नव्हे. त्याची साल हलकी असते आणि खऱ्या बुचाऐवजी ती वापरली जाई, पण ती हलक्या प्रतीची. खरे बूच देणारे झाड ओक जातीचे आहे. पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, फ्रान्सचा दक्षिण भाग आणि इटलीची बेटे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडचा कोरडा मुलूख, हे त्याचे घर. जगातले निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते, आणि त्यातही दक्षिणेच्या अलेन्तेजो प्रांताचा वाटा मोठा. तिथे दाट जंगल नाही. विरळ झाडे, खाली गवत, गवतात मेंढरे आणि डुकरे चरताहेत, मधल्या जागेत कुठे थोडे धान्य, असा तो देखावा. आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या गायरानाची आठवण यावी असा.

या झाडाचे वैशिष्ट्य हे, की त्याची बाहेरची साल सोलली तरी ते मरत नाही. पुन्हा नवी साल धरते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले की पहिली सोलणी होते. ती साल खडबडीत, भेगाळलेली. तिची बाटलीची बुचे होत नाहीत. त्यानंतर किमान नऊ वर्षे थांबावे लागते. पोर्तुगालमध्ये तसा कायदाच आहे. दुसऱ्या सोलणीची सालही बुचाच्या कामाची नसते. तिसरी सोलणी, म्हणजे झाड त्रेचाळीसएक वर्षांचे झाल्यावर निघालेली साल, ही पहिली बुचाजोगी. फणस लावणाऱ्या आजोबांना जेवढा धीर लागतो त्याहून अधिक इथे लागतो. सोलणी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत चालते, कारण तेव्हा झाडात रस वाहत असतो आणि साल सुटते. दोन माणसे कुऱ्हाडीने उभी आडवी चीर पाडतात आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने साल उचकटतात. कुऱ्हाड एक बोटभर खोल गेली तर आतल्या कोवळ्या सालीला जखम होते आणि तिथे पुन्हा बूच धरत नाही. म्हणून हे काम सराईत माणसाचे, आणि तिकडच्या शेतमजुरीत त्याला मजुरीही चांगली मिळते. सोलून झाले की उघड्या, तांबूस खोडावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहितात. २०२४ साली सोलले असेल तर ४. पुढच्या सोलणीचा हिशेब त्या आकड्यावरून.

आगुआस द मोरा या गावी ‘शीळ घालणारे झाड’ म्हणून प्रसिद्ध असलेला एक बूच-ओक आहे. त्याच्या फांद्यांत इतकी पाखरे असतात, म्हणून हे नाव. तो १७८३ साली लावलेला, आणि १९९१ साली त्या एका झाडाने सुमारे १२०० किलो साल दिली. तीतून लाखावर बुचे निघाली असे नमूद आहे. झाड अजून उभे आहे.

आता या सालीचा उपयोग माणसाने पहिल्यांदा बाटलीसाठी केला असे मात्र समजू नका. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात होऊन गेला. त्याने बुचाचे उपयोग सांगितले आहेत ते असे: कोळ्यांच्या जाळ्यांना आणि नांगराच्या दोरांना तरंगते तुकडे, रांजणांची झाकणे, आणि बायकांच्या हिवाळी पादत्राणांचे तळ. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच बूच घरगुती वस्तू झाले होते. अलेन्तेजोतला शेतकरी तर अलीकडेपर्यंत जन्मभर बुचाच्या संगतीत असे. मधमाश्यांची पोळी बुचाच्या नळकांड्यात. शेतावर न्यायची शिदोरी बुचाच्या डब्यात, कारण त्यात अन्न ऊन राहते. झऱ्यावरचे पाणी प्यायला बुचाचा ओगराळा. सिंत्रा गावाजवळच्या डोंगरात १५६० साली साधूंनी एक मठ बांधला. त्याच्या लहान लहान खोल्यांची दारे, छते बुचाने मढवली, थंडी आणि ओल बाहेर राहावी म्हणून. तो मठ आजही पाहायला मिळतो.

हे सगळे गुण एकाच गोष्टीतून येतात, आणि ती गोष्ट पहिल्यांदा एका शिक्षकवृत्तीच्या माणसाने पाहिली. शाळेतल्या गुरुजींनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याने धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरटी दिसली. त्यांना त्याने ‘सेल’, म्हणजे कोठडी, हे नाव दिले. १६६५ साली त्याचे पुस्तक छापले गेले, आणि आज सातवीच्या पुस्तकातला मुलगा ज्याला पेशी म्हणतो त्या शब्दाचा उगम तिथला. हूकने हिशेबही केला: एका घन इंचात १२५ कोटींहून अधिक कोठड्या! त्या प्रत्येक कोठडीत हवा कोंडलेली आणि भिंतींना मेणासारख्या द्रव्याचा थर. त्या द्रव्याला सुबेरिन म्हणतात. म्हणून बूच पाण्यात बुडत नाही, भिजत नाही, दाबले तर दबते आणि सोडले तर फुगते, उष्णता आरपार जाऊ देत नाही. हे सुबेरिन ध्यानात ठेवा, खताच्या वेळी ते पुन्हा आडवे येणार आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जाड काचेच्या मजबूत बाटल्या होऊ लागल्या, आणि तेव्हापासून बूच आणि बाटली यांची जोडी जमली. अठराव्या शतकात मद्याचा व्यापार वाढला तशी बुचाची मागणी वाढली, आणि बूच काढायच्या मळसूत्राचे एक पेटंट १७९५ साली इंग्लंडमध्ये दिले गेले. इतके सांगितले म्हणजे पुरे.

आपला खरा विषय इथून सुरू होतो. सालीची फळी उकडून, सपाट करून तिच्यातून बुचे पाडतात. भाकरीच्या तुकड्यातून वाटीने गोल चकत्या पाडल्यावर जसे काठ उरतात, तसे होते. फळीचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा बुचात जातो, बाकी सगळा तुकडा आणि भुसा. म्हणजे बुचाच्या कारखान्यात मालापेक्षा केर जास्त! एवढ्या केराचे करायचे काय, या चिंतेतून जे उद्योग निघाले ते बुचापेक्षा मोठे झाले. बुचाचा पुनर्वापर ही कालपरवाची कल्पना आहे असे जे म्हणतात त्यांना हा इतिहास ठाऊक नसावा.

स्पेनच्या आल्मेरिया बंदरातून द्राक्षे विलायतेला जात ती लाकडी पिंपांत, बुचाच्या भुशात पुरून. भुसा ओल धरत नाही, मऊ असतो, फळ सडत नाही. त्यानंतर आले लिनोलियम. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६० च्या सुमारास पाहिले, की जवसाच्या तेलाच्या रंगावर हवेने एक चिवट साय धरते. त्याने ते घट्ट झालेले तेल आणि बुचाचा भुसा एकत्र मळून गोणपाटावर लाटले आणि जमिनीवर अंथरायचे कापड तयार केले. १८६३ साली त्याला पेटंट मिळाले. आता पाहा, त्यात आपलाही हात होता. जवस हिंदुस्थानातून, मुंबई आणि कलकत्ता या बंदरांतून विलायतेला जाई, आणि गोणपाटाचा ताग बंगालचा. स्पेन-पोर्तुगालचा केर, विदर्भासारख्या मुलखातल्या शेतकऱ्याचे तेलबी आणि बंगाली कुळाचा ताग, हे तिन्ही मिळून इंग्रजांच्या स्वयंपाकघरातली जमीन झाली. पैसा कोणाच्या खिशात गेला हे सांगायची जरूर नाही.

दुसरा शोध अपघाताने लागला. न्यूयॉर्कमध्ये जॉन स्मिथ म्हणून एक गृहस्थ बुचाच्या चुऱ्याने भरलेली तरंगणारी जाकिटे करीत असे. १८९१-९२ च्या सुमारास चुऱ्याने भरलेले पत्र्याचे एक नळकांडे आगीत घरंगळत गेले आणि कोणाच्या ध्यानात न येता रात्रभर तिथेच राहिले, अशी हकीकत सांगतात. सकाळी पाहतात तो आतला चुरा जळाला नव्हता. त्याची एकसंध, तपकिरी, टणक वडी झाली होती. बुचातलाच चिकट भाग वितळून दाणे एकमेकांना धरून बसले होते. सरस नाही, खळ नाही. या वड्यांच्या फरशा पुढे शीतगृहांच्या भिंतींना, बर्फाच्या कारखान्यांना, मांस आणि फळे नेणाऱ्या आगबोटींना लागल्या. घरांच्या भिंतींना त्या अजूनही लावतात. त्याच १८९२ साली बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने सोडावॉटरच्या बाटलीचे दंतुर पत्र्याचे झाकण काढले, आणि त्याच्या आत बसवली बुचाची पातळ चकती. ज्यांची वये झाली आहेत त्यांना ती चकती आठवत असेल. आता तिथे प्लॅस्टिक असते.

याप्रमाणे केरातून पैसा निघतो हे कळल्यावर कोणी बूच वाया घालवीना. अमेरिकेला तर ते युद्धसाहित्याइतके मोलाचे झाले. इंजिनाच्या सांध्यांतल्या गुडद्या, विमानांची अस्तरे यांना बूच लागे, आणि सगळे बूच समुद्रापलीकडून येणारे. सप्टेंबर १९४० मध्ये बाल्टिमोरला एका मोठ्या कारखान्याच्या आवारातले बुचाचे ढीग पेटले, तेव्हा हा घातपात तर नव्हे, असा संशय तिथल्या सरकारला आला. मग त्या कारखान्याचे मालक चार्ल्स मॅकमॅनस यांनी अमेरिकेतच बूच-ओक लावायची मोहीम काढली. बिया, रोपे फुकट वाटली. कॅलिफोर्नियात आणि आणखी काही राज्यांत शाळेच्या मुलांनी, बालवीरांनी ती लावली. झाडे जगली, काही आजही सावली देतात. पण पंचवीस वर्षे थांबायला युद्ध तयार नव्हते! युद्ध संपले, प्लॅस्टिक आले, आणि ती मोहीम विस्मरणात गेली.

पोर्तुगालमध्ये १९६३ साली एका जुन्या बूच-व्यापारी घराण्याने केवळ कारखान्यातला केर वापरण्यासाठी वेगळी कंपनी काढली. आज तीच बुचाच्या धंद्यात अग्रेसर आहे. म्हणजे कारखान्यातला केर असा कधीच मार्गी लागला होता. मागे राहिले ते फक्त बाटली उघडून फेकलेले बूच. त्याची आठवण व्हायला एक संकट यावे लागले.

काही बाटल्यांतल्या मद्याला ओल्या फडक्यासारखा कुबट वास येई. तो बुचामुळे येतो हे ठाऊक होते. पण वासाचे मूळ द्रव्य स्विस शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या एकदोन वर्षांत शोधून काढले. बुरशी आणि क्लोरीन यांच्या संयोगाने ते तयार होते, आणि बुचे तर क्लोरीनने धूत असत! व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला. प्लॅस्टिकची बुचे आली. २००० साली ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातल्या मद्यवाल्यांनी आणि २००१ साली न्यूझीलंडवाल्यांनी मिळून फिरकीची झाकणे घेतली. आपल्या नाशिककडच्याही पुष्कळ बाटल्यांना तीच असतात.

इथे एक गैरसमज झाला, आणि तो अजून गेलेला नाही. लोकांना वाटले, बुचे वापरणे सोडले तर झाडे वाचतील. वास्तविक उलट आहे. बुचासाठी झाड तोडतच नाहीत. झाड तोडले जाते ते बुचाला भाव नसतो तेव्हा. पोर्तुगालने हे एकदा भोगले आहे. १९२९ साली तिथल्या सरकारने ‘गव्हाची मोहीम’ काढली. गव्हाला भाव बांधून दिला आणि अलेन्तेजोची हलकी, उथळ जमीन नांगराखाली आणली. झाडांच्या मुळांना नांगर लागले, पुष्कळ झाडे गेली, थोडी वर्षे गहू झाला, आणि मग माती पावसाबरोबर वाहून गेली. जी चूक एका पिढीत झाली ती भरून यायला तीन पिढ्यांची झाडे लागतात. म्हणून २००६ साली निसर्गरक्षणाचे काम करणाऱ्या एका जागतिक संस्थेने इशारा दिला, की मद्याच्या बुचाची मागणी बसली तर दहा वर्षांत पश्चिम भूमध्य मुलखातली तीन चतुर्थांशपर्यंत बुचाची राने धोक्यात येतील. त्या रानांत आयबेरियन लिंक्स हे दुर्मिळ रानमांजर राहते, शाही गरुड घरटी करतो, आणि सोलणीच्या हंगामावर हजारो घरांची चूल पेटते. इशाऱ्याइतके वाईट घडले नाही. कारखान्यांनी क्लोरीन सोडले, बुचे तपासू लागले, गिऱ्हाईक बरेचसे परत आले. २०११ च्या डिसेंबरात पोर्तुगालच्या संसदेने बूच-ओकाला राष्ट्रीय वृक्ष ठरवले.

मग वापरलेली बुचे गोळा करून झाड वाचत नसेल, तर तो खटाटोप कशाला? माझे मत असे, की झाड वाचवण्याच्या नावाखाली तो करूच नये. पण त्याला दुसरी चांगली कारणे आहेत. ऱ्हाइन नदीकाठी जर्मनीत कॉर्क नावाचेच एक गाव आहे. बुचाशी त्या नावाचा काही संबंध नाही. तिथे फेफऱ्याच्या रोग्यांसाठी एक जुनी संस्था आहे. नावाची गंमत धरून त्या संस्थेने १९९१ पासून देशभरची वापरलेली बुचे मागवायला सुरुवात केली. तिथले अपंग लोक ती निवडतात, दळतात, आणि तो चुरा घरांच्या भिंतींत थंडीला अडसर म्हणून भरायला विकतात. केरातून त्यांना हातांना काम आणि मजुरी मिळाली. हँबर्गच्या पक्षिमित्रांनी १९९४ पासून अशीच बुचे जमवून आलेला पैसा स्पेनमधल्या क्रौंच पक्ष्यांच्या रक्षणाला दिला, कारण उत्तरेचे क्रौंच हिवाळ्यात त्याच ओकच्या रानात उतरतात. पोर्तुगालमध्ये २००८ पासून दुकानांत, शाळांत बुचाच्या पेट्या ठेवल्या आणि त्या पैशातून देशी झाडे लावली. या गोळा केलेल्या बुचाचे पुन्हा बाटलीचे बूच करीत नाहीत, ते खाण्यापिण्याच्या वस्तूला लागते म्हणून. त्याचा चुरा होतो आणि त्याच्या फरशा, जोड्यांचे तळ, भिंतीवरचे फळे होतात. एक बूच भरते तीन-चार ग्रॅम. किलोला अडीचशेच्या वर लागतात. तेव्हा मूठभर बुचांसाठी कोणी मोटार काढून दहा मैल गेला तर त्याने केर वाचवला नाही, तेल जाळले. बाजाराला जाताना सोबत नेली तर ठीक.

आता खताचे. खरे बूच झाडाची साल आहे, तेव्हा ते कुजते. पण सुबेरिनमुळे फार सावकाश. अख्खे बूच उकिरड्यात टाकाल तर खत शेतात पसरेल आणि बूच तसेच्या तसे ढेकळात सापडेल. त्याला किसणीवर किसावे किंवा कुटून दाणे करावे. शिवाय त्यात कर्ब फार, नत्र थोडे. नुसता चुरा मातीत घातला तर तो कुजताना पिकाचेच नत्र ओढतो, लाकडाच्या भुशाची किंवा काथ्याच्या भुशाची जी खोड तीच याची. म्हणून शेण, गोमूत्र किंवा ओला पाला सढळ हाताने मिसळावा आणि ओल टिकवावी. स्पेनमध्ये कारखान्याचा टाकाऊ बूच असाच महिनोन्‌महिने कुजवून रोपवाटिकेतल्या कुंड्यांसाठी वापरून पाहिला आहे. कुजवायचे नसेल तर तुकडे कुंडीच्या तळाशी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून किंवा मातीवर आच्छादन म्हणून चालतात.

बूच खरे की खोटे हे मात्र आधी पाहावे. प्लॅस्टिकचे बूच नखाने कुरतडत नाही, त्याचा पोत सगळीकडे सारखा, रबरी असतो. ते कधीच कुजणार नाही. दाण्यादाण्यांचे, चिकीसारखे दिसणारे बूच सरसाने चिकटवलेले असते, तेही खताला नको. खऱ्या बुचावर आडव्या तपकिरी रेघा आणि बारीक छिद्रे दिसतात.

गुरुजींना एक प्रयोग सुचवतो. दोन कुंड्या घ्या. एकीत शेणमातीबरोबर दोन अख्खी बुचे पुरा, दुसरीत तेवढीच बुचे किसून मिसळा. दोन्हींना सारखे पाणी द्या, आणि कुंडीवर रंगाने वर्षाचा आकडा लिहा. आणखी एक बूच घ्या, त्याचा पातळ काप काढून मुलांना भिंगाखाली दाखवा. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर उत्तमच, हूकला दिसल्या त्या कोठड्या त्यांनाही दिसतील. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात दोन्ही कुंड्यांतली माती चाळून पाहा.